तिसरीच्या नाटकातला दुश्मन

बाई, तुम्ही असता तर हे सांगायला मी अल्लीपूरला आले असते. तुमच्या त्या भाड्याच्या खोलीत, चुलीजवळच्या पाटावर बसून बोलले असते. तुम्ही भाकरी थापत ऐकलं असतं आणि मध्येच "मंग?" म्हणून मान वर केली असती. आता तुम्ही नाही आणि ती खोलीही कुणी पाडून टाकली, म्हणून लिहिते आहे. गोष्ट तशी लहान वाटेल. आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला तिसरीच्या मुलांचं एक नाटक झालं. पण तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी आलं की मला शिसारी येते. भिंतीवर रंगवलेला देशाचा नकाशा, त्याखाली हसणारी मुलं, कशाकडेही न पाहता मी आत जाते. इतकी वर्षं शिकवते आहे, शाळेचा कंटाळा पुष्कळदा आला, पण किळस कधी आली नव्हती.

तुम्ही आम्हाला तिसरीला होता. "आपला देश" हा धडा आला तेव्हा तुम्ही पुस्तक मिटून ठेवलंत आणि म्हणालात, हा धडा उद्या, जामच्या फाट्यावर. सगळा वर्ग एस.टी.त कोंबून आधी हिंगणघाट, तिथून जाम. मला ती सकाळ अजून दिसते. फाट्यावर ट्रकांची रांग लागली आहे. ड्रायव्हर लोक चहाच्या टपरीवर बसले आहेत, कुणी रेडिएटरमध्ये पाणी ओततो आहे. तुम्ही आम्हाला निंबाखाली बसवता आणि एकेकाला उठवून पाठवता. विचारायचं एवढंच की तुमच्या गावात पाण्याले काय म्हणतात. पोरं धावत जातात, धावत येतात. "बाई, थो म्हणते नीळ्ळु!" "बाई, याइच्या इकडं जोल म्हणते!" एक उंच पगडीवाला ड्रायव्हर "पाणी" म्हणाला तेव्हा आम्हाला वाटलं, हा आपली थट्टा करतो. तुम्ही सांगितलंत, नाही, पंजाबातही पाणीच म्हणतात, आपल्यासारखा ण काढून. केवढा आनंद झाला होता आम्हाला, जणू कुणी हरवलेला मामा भेटला.

आणि मी एका काळ्यासावळ्या, लुंगीवाल्या ड्रायव्हरकडे बोट दाखवून हसले होते. त्यानं "तण्णी" सांगितलं होतं आणि मी मैत्रिणीला म्हणाले, हा काही आपल्या देशातला नाई वाटत. तुम्ही ऐकलंत. तुम्ही मारत नव्हता, पण तुमचा आवाज खाली गेला की आम्ही थिजायचो. "हसून काऊन राह्यली वं? मले नोको सांगू. जा, त्याइलेच विचारून ये, तुमचा देश कोणता." मी रडवेली होऊन गेले. मोडक्या हिंदीत विचारलं. तो माणूस चिडला नाही. त्यानं ट्रकचं दार उघडून आत चिकटवलेला फोटो दाखवला. त्यात दोन वेण्यांची, शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी होती. "ये भी तीसरी में," तो म्हणाला. मी परत आले तर तुम्ही मला जवळ बसवून घेतलंत. परतीच्या एस.टी.त मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले.

चांगलंच तेवढं दाखवलंत असंही नाही. गावातल्या जुन्या विहिरीवर नेऊन तुम्ही सांगितलंत, या विहिरीवर काही घरच्या बायांना पाणी भरू देत नव्हते, हेही आपल्याच देशात झालं, आपल्याच गावात. दुसऱ्या दिवशी एका मुलाचा बाप तणतणत शाळेत आला. लेकराइच्या डोक्यात काय भरून राह्यल्या, म्हणाला. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "खोटं सांगतलं असंन तर सांगा, मी उद्या वर्गात माफी मागतो." तो बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेला. पुढे मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन आले होते. तुम्ही आजारी होता, पलंगावर उठून बसलात आणि एवढंच म्हणालात, "काईबी शिकवजो, पर लेकराइले घाबरवू नोको." मला तो उपदेश फारच साधा वाटला होता.

आता नाटकाचं सांगते. मी हिंगणघाटहून एस.टी.नं जामवरून पुढच्या एका गावात जाते. जिल्हा परिषदेची लहान शाळा आहे. यंदा तिसरीचा वर्ग माझ्याकडे. जानेवारीत मला प्रशिक्षणासाठी वर्ध्याला पाठवलं होतं. परत आले तर मुख्याध्यापक सरांनी माझ्या वर्गाचं नाटक बसवूनही टाकलेलं. सीमेवर जवान, समोरून दुश्मन येतो, जवान त्याला घेरून मारतात, मग झेंडा, मग गाणं. जवान सगळा वर्ग आणि दुश्मन एकटी एक मुलगी. गावात मुसलमानांची दोन-तीन घरं आहेत, त्यांतली ही. चुणचुणीत, पाढे खडाखडा म्हणणारी. वडिलांचं जामला ट्रकच्या ताडपत्र्या आणि दोर विकायचं दुकान. तिला काळा सदरा घातला होता आणि कोळशानं मिशा काढल्या होत्या.

मी सरांना विचारलं, हिलाच का?

"अवं मॅडम, कोणाले तरी दुश्मन व्हाच लागते ना. कोणी तयारच होत नोव्हतं."

"ती झाली तयार?"

"तिले काय कळते. लेकरू आहे. खेळ आहे."

"मग तुमच्या मुलाला करा ना दुश्मन."

सर हसले. त्यांचा मुलगा हिंगणघाटच्या कॉन्व्हेंटमध्ये आहे, आमच्या शाळेची पायरी त्यानं कधी चढलेली नाही. "पाहू, बदलून देऊ," ते म्हणाले, आणि मी तेवढ्यावर विश्वास ठेवला.

बदललं नाही. सव्वीस तारखेला मांडवात सगळं गाव बसलेलं, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे. लाकडी बंदुका घेतलेली माझी पोरं तिच्याभोवती नाचत होती आणि ती शिकवल्याप्रमाणे हात वर करून जमिनीवर पडली. टाळ्या वाजल्या. मुख्य पाहुणे, तालुक्यातले एक पुढारी, स्टेजवर आले, सगळ्यांत लहान जवानाला उचलून माइकपुढे धरलं आणि विचारलं, "दुश्मन दिसला तं काय करशीन?" पोरगं ओरडलं, "मारीन!" मांडव हसला. पाहुण्यांनी खाली पडलेल्या मुलीकडे पाहिलं, मग सरांकडे वळून माइकवरच म्हणाले, "सर, दुश्मन बाकी बरोब्बर शोधला तुम्ही." त्यावर जे हसू आलं ते बाई, पहिल्या हसण्यासारखं नव्हतं. मोठी माणसं एकमेकांकडे पाहून हसली. बायासुद्धा, पदर तोंडाला लावून. ती मुलगी पडल्या पडल्याच हसली. सगळे हसताहेत म्हणजे आपलं काम चांगलं झालं, असं तिला वाटलं असणार.

बुंदी वाटून झाल्यावर खिचडी शिजवणाऱ्या मावशी मला शोधत आल्या. "मॅडम, थे पोरगी हापशीजवळ रडून राह्यली. पोट्ट्याइनं पाडलं तिले." मी धावले. पोरांनी नाटक पुन्हा सुरू केलं होतं, या वेळी प्रेक्षकांशिवाय. एकानं तिचे केस धरले होते. मी ओरडले तशी सगळी थबकली. जो सगळ्यांत पुढे होता तो खरोखर गोंधळून म्हणाला, "मॅडम, आमी तं नाटकच करून राह्यलो." त्याच्यावर काय रागवायचं? आठ वर्षांचा जीव. आम्हीच शिकवलं आणि त्यानं मन लावून शिकून दाखवलं. मी तिचं तोंड हापशीच्या पाण्यानं धुतलं. मिशा निघाल्या, पण कोळसा गालांवर पसरत राहिला. मावशींनी पदरानं पुसलं, तोंडानं पुटपुटत होत्या, "काय माणसं होत बाप्पा."

मग मला तुमची आठवण झाली. वर्गाला भाषण देऊन काही होणार नव्हतं, भाषणं त्यांनी पोटभर ऐकली होती. मी क्षेत्रभेटीची परवानगी काढली आणि मुलांना जामला घेऊन गेले. आता फाटा तुमच्या वेळचा नाही. पूल झाला आहे, ट्रक वरच्या वर निघून जातात, निंब गेला, टपरी गेली. जिथं ट्रक थांबतात आणि लेकरं धोक्याशिवाय बसू शकतील अशी एकच जागा मला माहीत होती, ताडपत्रीचं ते दुकान. मुलीच्या वडिलांना आदल्या दिवशी घरी जाऊन विचारलं. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, मग म्हणाले, "आना मॅडम. लेकरं होत, येऊ द्या." त्यांनी नवी कोरी ताडपत्री सावलीत अंथरली, पाण्याचा माठ भरून ठेवला.

आणि बाई, जमलं हो. तुमचाच प्रश्न, तुमच्याच पद्धतीनं. हैदराबादकडचा ड्रायव्हर आला, केरळचा आला, काश्मीरहून सफरचंदं घेऊन निघालेला एक आला. पोरं आधी लाजली, मग त्यांना आवरणं कठीण झालं. पाणी झालं, मग आई, मग भूक, मग "तुमच्याकडं शाळेत मारतात का?" ज्यानं केस धरले होते तो काश्मिरी ड्रायव्हरला विचारत होता की बर्फ खाता येतो का. तो म्हणाला, खाता येतो, पण दात ठणकतात. ती मुलगी मध्ये उभी राहून ज्यांचं हिंदी पोरांना कळत नव्हतं त्यांचं सांगत होती, आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. परत येताना सगळी पोरं तिच्याजवळ बसायला भांडली. मी खिडकीला डोकं टेकून तुमचे आभार मानत होते.

दोन दिवसांनी चार पालक शाळेत आले. सोबत त्या पुढाऱ्यांचा एक माणूस. "देश शिकवाले तुमाले थेच दुकान भेटलं का, मॅडम?" असा त्यांचा सवाल. मी सांगू लागले, ट्रक तिथं थांबतात म्हणून. "ट्रक पेट्रोल पंपावर बी थांबते." सर खिडकीबाहेर पाहत राहिले. पुढच्या आठवड्यात मला शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयातून बोलावणं आलं. साहेब सभ्य होते, चहा मागवला, आणि मग म्हणाले, "मॅडम, शिक्षकानं निःपक्ष राहिलं पाहिजे. एका बाजूला झुकल्यासारखं दिसू नये." मी म्हणाले, साहेब, नाटकाचं काय? ते म्हणाले, नाटकाबद्दल कुणाची तक्रार नाही. निःपक्ष हा शब्द मी मुलांना किती प्रेमानं शिकवला असता. त्या माणसाच्या तोंडून तो उष्ट्यासारखा बाहेर पडला. मी चहा तसाच ठेवला आणि उठले. माझं कोणी काही केलं नाही. एक ताकीद मिळाली आणि विषय मिटला.

दुकानाचा मात्र मिटला नाही. काही तरणी पोरं रोज मोटारसायकली आडव्या लावून तिथं उभी राहू लागली. काही करत नसत, नुसती उभी. फेब्रुवारी संपता संपता मुलीचे वडील शाळेत दाखला मागायला आले. तिला वर्ध्याला तिच्या सख्ख्या मावशीकडे ठेवणार होते. मी म्हणाले, वर्ष तर संपू द्या. त्यांनी हात जोडले. "तुमच्याबद्दल काई नाई, मॅडम. तुमी चांगलंच कराले गेलत्या. पर पोरगी शाळेचा ड्रेस घालतानाच रडते. अन् दुकानात गिऱ्हाईक उतराले घाबरते." मग जाता जाता वळून म्हणाले, "नाई म्हटलं तरी चालन, असं सांगून इचारलं असतं तुमी ना, तरी मी हावच म्हटलं असतं. लेकरं आली होती, बरं वाटलं होतं." विचारूनच केलं होतं मी. पण ते कसलं विचारणं होतं, ते मला तेव्हा कळलं. लेकीच्या मॅडमनं घरी येऊन विचारल्यावर तो माणूस नाही कसा म्हणणार होता?

वर्गात तिची जागा रिकामी आहे. केस धरणाऱ्या मुलानं परवा विचारलं, "मॅडम, थे कवा येईन?" मी म्हणाले, शाळा बदलली तिनं. "काऊन?" त्यानं विचारलं. तुम्ही काहीतरी खरं आणि लेकराला पेलेल असं सांगितलं असतं. मी त्याला पाढे म्हणायला लावले.

हे सगळं लिहिताना वाटतं, तुम्ही म्हणाल, किळस पुरे झाली, पुढं काय केलं ते सांग. म्हणून हा कागद तुमच्यापर्यंत पोचत नाही हेच बरं. सरांची, साहेबांची, माइकवर बोललेल्या त्या पुढाऱ्याची किळस मला येते, ती खरी आहे. पण बाई, एस.टी. रोज जामवरून जाते, रोज थांबते, आणि दुकान उजव्या हाताला लागतं. मी हल्ली डाव्या बाजूला बसते.