तीन आठवडे कुरकुरीत

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या सुरुवातीच्या नोंदी नंतर सापडत नाहीत आणि लोकांची पंचाईत होते. आपल्या बाबतीत तसं नको.

पार्श्वभूमी थोडक्यात. प्लास्टिकच्या पिशव्या करणाऱ्या कंपनीत अठरा वर्षं काढली. डिसेंबरात कंपनीने काही जणांना घरी पाठवलं. बाकीच्यांना काढलं. मी मनाने आधीच बाहेर पडलो होतो, त्यामुळे माझी गोष्ट वेगळी.

ही घरी बिस्किटं भाजून विकते. चौकात एका बाईंनी नवीन दुकान काढलंय, तिथे प्लास्टिकला बंदी. बाई हिला म्हणाल्या, दर महिन्याला माल घेईन, वर तुमचं नाव छापा, फक्त प्लास्टिक नको आणि बिस्किटं तीन आठवडे कुरकुरीत राहायला हवीत. हिची पहिलीच मोठी ऑर्डर. आपलं नाव कसं दिसेल ते ती दोन दिवस वाणसामानाच्या यादीमागे काढून बघतेय. पत्र्याचे डबे घेऊ म्हणाली. घरात packaging मधला माणूस असताना डबे? म्हटलं, पाकीट मी करतो. बिस्किटं संपली की पाकीट कुंडीत टाकायचं, त्याची माती होणार. Full sustainable.

नाना म्हणाले, कर बाबा. वडिलांचा आशीर्वाद मिळाला. शिवाय ते पोस्टातून रिटायर झालेत, पाकिटाचं मोल त्यांना कळतं.

४ मार्च, सकाळी ५
पाच वाजता उठायचा संकल्प.

४ मार्च, सकाळी ९.४०
वरची नोंद काल रात्रीच लिहून ठेवली होती.

समुद्री शेवाळाची पावडर, स्टार्च आणि मेण. हे एकत्र आटवून कागदावर पातळ थर द्यायचा, की हवा आत जात नाही. दुधाच्या पातेल्यात आटवलं. थर उत्तम जमला, पण पातेल्याला. ही म्हणाली की निदान दूध तरी आता ताजं राहील. टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं.

७ मार्च, शनिवार
कागद वाळत घातले. पडद्यांवर, खुर्च्यांवर, दोरीवर. घरभर समुद्रकिनाऱ्याचा वास. हिला तो मेलेल्या माशांचा वाटतो. दृष्टिकोनाचा प्रश्न.

पाकिटाचं तोंड इस्त्रीने बंद करायचं. पहिल्याच प्रयत्नात जमलं. नंतर त्याच इस्त्रीने हिने चादरीला इस्त्री केली. चादर आता waterproof आहे.

८ मार्च, रविवार
Shelf life testing सुरू. हिच्या ताज्या घाण्यातली बिस्किटं पाकिटांत भरून फ्रीजच्या वर ठेवली. दर रविवारी एक पाकीट फोडणार, चावणार, आवाज ऐकणार. शेजारी पाटी लावली : हात लावू नये.

कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. नानांना डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलंय, तेव्हा त्यांच्याइतका निःपक्ष माणूस घरात दुसरा नाही. जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि फ्रीजसमोर खुर्ची ओढून बसले. म्हाताऱ्या माणसाला काम दिलं की तो खुलतो.

१५ मार्च, रविवार
यश!! पाकीट फोडलं. चावलं. कट्ट! शेजारच्या खोलीत ऐकू गेलं असेल. बिस्किट चक्क कोमट होतं. म्हणजे पाकिटाने नुसता कुरकुरीतपणा नाही, भट्टीची ऊबही आठवडाभर धरून ठेवली. हे शास्त्राला नवीन असावं.

आनंदाच्या भरात हिला उचलायला गेलो. पाठीत उसण भरली. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे पाणावले होते.

१७ मार्च, मंगळवार
हिची तक्रार, प्रत्येक घाण्यात बिस्किटं कमी भरतात. म्हटलं, मोजायला शीक. ती म्हणाली, इतकी वर्षं मोजतेय. मग उंदीर असणार. नाना म्हणाले की उंदीरच, त्यांनी स्वतः पाहिलाय, बराच मोठा होता.

पाकिटाला उंदीररोधक थर द्यावा का? विचार सुरू.

नाना हल्ली स्वतःच्या कपड्यांना स्वतः इस्त्री करतात. दुपारी कधी पाहावं तर इस्त्री गरम. या वयात नीटनेटकेपणा आला. माझा परिणाम.

२२ मार्च, रविवार
दुसरं पाकीट. पहिल्यापेक्षाही कुरकुरीत! म्हणजे माझ्या पाकिटात बिस्किट टिकत नाही, सुधारतं.

एक चमत्कार. साधी बिस्किटं ठेवली होती, त्यांना दालचिनीचा वास आला. दोन मिनिटं चक्रावलो, मग उलगडा झाला. हिने या आठवड्यात दालचिनीची बिस्किटं केली. तो वास पाकिटाच्या आत शिरला. म्हणजे पाकीट श्वास घेतं! हवा जात नाही, पण वास जातो. हिला समजावून सांगितलं. तिने बिस्किट उलटसुलट करून पाहिलं, मग नानांकडे पाहिलं. नाना पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. ही बिस्किट तसंच ठेवून ओट्याकडे वळली. तिला विज्ञानात फारशी गती नाही.

२४ मार्च, मंगळवार
नानांचा शुगरचा रिपोर्ट. आकडा बघून डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. लॅबची चूक, दुसरं काय. घरात नानांना साखरेचा कण मिळत नाही, आणि दिवसभर तर ते माझ्या samples वर पहारा देत असतात.

वाटेत नाना म्हणाले की मला तुला एक सांगायचंय. म्हटलं, नंतर सांगा. दुकानात करायच्या भाषणाची जुळवाजुळव डोक्यात चालली होती.

२९ मार्च, रविवार
तीन आठवडे पूर्ण. कट्ट.

दुकानवाल्या बाईंना फोन केला. ऑर्डर पक्की, माल शनिवारी. ही छापखान्यातून नावाच्या चिठ्ठ्या घेऊन आली. रात्री जेवताना एक चिठ्ठी पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवली होती आणि घास घेता घेता तिच्याकडे बघत होती. मला फार बरं वाटलं.

नाना जेवले नाहीत. म्हणाले, पहिल्या खेपेला डबेच दे की. जुनी पिढी बदलाला घाबरते.

२ एप्रिल, गुरुवार
ही बाजारात गेली असताना नानांनी मला समोर बसवलं आणि सांगून टाकलं.

बिस्किटं त्यांनी खाल्ली. सगळी. दर आठवड्याला. पाकीट फोडायचं, खायचं, हिच्या नव्या घाण्यातली बिस्किटं आत भरायची आणि इस्त्री फिरवून तोंड बंद करायचं. म्हणाले की पोस्टात फाटून आलेली पाकिटं तेच चिकटवायचे, हात बसलेला होता. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण मी स्वतः उभं केलं होतं.

ओरडलो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, पहिलं पाकीट हावरटपणाने खाल्लं, खोटं कशाला बोलू. त्या रविवारीच सांगणार होतो. पण तू चावलंस आणि हसलास. डिसेंबरपासून तू घरात हसला नव्हतास रे. मग दर आठवड्याला भरत गेलो.

त्यांना पाणी दिलं.

२ एप्रिल, दुपारी
शांतपणे विचार केला. पाकिटात बिस्किट तीन आठवडे टिकतं हे सिद्ध झालं नाही, मान्य. पण टिकत नाही हे तरी कुठे सिद्ध झालं? नानांना विचारलं, एखादं तरी नरम पडलेलं लागलं का? ते म्हणाले, नरम पडायला राहू कुठे दिलं मी. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने माझ्या पाकिटाविरुद्ध एकही पुरावा नाही.

हिला सांगायचं का? सांगायलाच हवं. तिचं नाव आहे त्यावर. ऑर्डर जाऊ दे, मग सांगतो. आत्ता सांगितलं तर उगाच टेन्शन घेईल.

३ एप्रिल, शुक्रवार
दिवसभर packing. हिने मध्येच हात थांबवला आणि विचारलं, तुला अगदी खात्री आहे ना? म्हटलं, शंभर टक्के. तिने हातातल्या पाकिटावरची चिठ्ठी अंगठ्याने सपाट केली. मग बरं म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

नाना आतल्या खोलीत जाऊन झोपले. दुपारी चार वाजता.

४ एप्रिल, शनिवार
माल गेला. मी येतो म्हटलं तर ही नको म्हणाली, पाठ सांभाळ. इतकी काळजी करते. गाडी निघाली तेव्हा डिकीत काहीतरी पत्र्यासारखं खडखडत होतं. सर्व्हिसिंग करून घ्यायला हवं.

८ एप्रिल, बुधवार
दुकानातून फोन नाही. No news is good news. तरी फोन वाजला की मी गच्चीवर जातो. तिथे हवा चांगली असते.

१३ एप्रिल, सोमवार
फोन वाजला. बाथरूममध्ये जाऊन बसलो. बँकेचा होता.

झोप कमी झालीय. हिला सांगून टाकावं असं रोज ठरवतो. आज तिला डोकं दुखत होतं, काल कणीक मळत होती, परवा मूड चांगला होता म्हणून घालवावासा वाटला नाही. चांगला मुहूर्त मिळत नाहीये.

२६ एप्रिल, रविवार
इतिहास घडला. बाईंचा फोन. तीन आठवड्यांत एकही तक्रार नाही! गिऱ्हाईकं खूश, पुढच्या महिन्याला दुप्पट माल हवा!

म्हटलं नव्हतं? नानांनी टेस्टिंगची वाट लावली तरी पाकीट स्वतःच्या गुणावर उभं राहिलं. आता हिला काही सांगायची गरजच उरली नाही. शेवट गोड तर सगळं गोड.

पुढचे बेत : पेटंट. व्हिजिटिंग कार्ड. जुन्या कंपनीच्या साहेबांना एक पाकीट भेट, आत बिस्किट, बाहेर मौन. मंगळवारी दुकानात अचानक जायचं. लोक विचारतील, चार शब्द बोलावे लागतील.

नानांना आनंदाची बातमी दिली. ते म्हणाले, असं कसं होईल? पोटच्या पोरावर विश्वास नाही.

२८ एप्रिल, मंगळवार, दुपारी
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. बाईंना सांगितलं, ज्यात बिस्किटं तीन आठवडे ताजी राहिली ते पाकीट केलेला माणूस मीच. भाषणाची पहिली दोन वाक्यं बोलूनही झाली. मेणाचं महत्त्व वगैरे.

बाईंनी विचारलं, कुठलं पाकीट?

फळीवर पत्र्याचे डबे होते. घट्ट झाकणाचे, लहान, ओळीने. प्रत्येकावर हिच्या नावाची चिठ्ठी. रिकामा डबा परत आणा, भरून घेऊन जा, असं खाली बारीक अक्षरात. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं की डबे तुम्ही करता का. नाही म्हटलं. बाहेर आलो. गाडी कुठे लावलीय ते थोडा वेळ आठवेना.

२८ एप्रिल, संध्याकाळी
ही ओट्यापाशी होती. दुकानात जाऊन आलो म्हटल्यावर तिने भट्टी बंद केली आणि स्टुलावर बसली.

तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं. दालचिनीच्या रविवारीच कळलं होतं. मग तिने एक पाकीट स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं, नानांच्या हाताला लागू नये म्हणून. चौथ्या दिवशी उघडलं तर बिस्किट वाकलं, पण मोडलं नाही. तिने गपचूप डबे मागवले आणि शनिवारी रस्त्यात गाडी थांबवून सगळा माल डब्यांत भरला. माझी पाकिटं तिने कुंड्यांत टाकली. आठवड्यात त्यांची माती झाली म्हणाली. तेवढा भाग मात्र अगदी जमला होता.

मला का नाही सांगितलंस, म्हटलं. ती म्हणाली, शुक्रवारी विचारलं होतं की तुला. खात्री नाही एवढंच म्हणाला असतास तर डबे दाखवले असते, दोघं मिळून गेलो असतो.

नानांनी मला सगळं त्या गुरुवारीच सांगितलं होतं, हे मी तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, माहीतेय, गुरुवारी रात्री मलाही सांगितलं त्यांनी. म्हणजे शुक्रवारी तिने विचारलं तेव्हा, मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं.

लाज वाटली. खूप. इथे काहीतरी सबब लिहायला अर्धा तास पेन घेऊन बसलो. सुचली नाही.

तिच्या नावाला काही झालं असतं तर? हा विचार मी महिनाभर केलाच नव्हता. ती मात्र तो एकटीच करत होती. जेवायला बसलो तेव्हा तिने नेहमीसारखंच वाढलं. सॉरी म्हटलं. ती म्हणाली, डबे परत गोळा करायला आणि धुवायला कोणीतरी लागणार आहे.

३ मे, रविवार
दुकानातून रिकामे डबे आणले. धुतले. पुसले. उन्हात उपडे घातले. काही ठरवलं वगैरे नाही.

एका डब्याच्या तळाशी बिस्किट राहून गेलं होतं. पहिल्या खेपेतलं, म्हणजे जवळजवळ महिन्याचं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून चावलं.

कट्ट झालं.