कमानीवरच्या नावाची बायको

२६ जुलै, कागल
पुन्हा शाळेत सत्कार. शाल, नारळ, "वीरपत्नी क्रांतीताई" — आणि अमरच्या फोटोला हार. नवीन आलेल्या तेजस्वी मॅडमनी हळूच विचारलं, "तुमचा मुलगा किती वर्षांचा होता हो?"

मुलगा! त्यांचं तरी काय चुकलं? फोटोत अमर तेवीसचाच राहिला. केस पांढरे झाले ते माझे.

कारगिलला त्याच्याबरोबर लढलेले शिवकुमार दरवर्षी जयसिंगपूरहून येतात. त्यांनाही शौर्यपदक आहे, पण लावून कधी येत नाहीत. मागच्या रांगेत बसले होते. आग्रहानं बोलायला उभं केलं तर एवढंच — "अमर पुढं गेला. मी त्याच्या मागनं गेलो." बसले खाली!

३० जुलै
आत्यांना — अमरच्या आईला — आता जवळजवळ ऐकूच येत नाही. घरात आम्ही दोघीच; दिवसभर मी तोंड उघडलं नाही.

३ ऑगस्ट
शिवकुमार आले. कार्यक्रम नव्हता, तरी! बायको गेल्यापासून फार वाळलेत. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आज विचारलं — "अमर भ्याला होता का?"

"व्हय. दोघंबी भ्यालतो. त्याचं हात थरथरत हुतं, बुटाची नाडी बांधाय येईना. मी बांधून दिली. हसला, आन् निघाला. वरनं गोळ्या चालल्याल्या. उघड्यावर पडलेल्या एकाला वडून आणला. दुसऱ्याला आणाय गेला, तो परत आला न्हाय."

"आणि तुम्ही?"

"माझं सोडा की."

खांद्यात गोळी असताना वरची मशिनगन यांनीच बंद पाडली. हे मला पेपरातनं कळलेलं!

निघताना चपला घालत म्हणाले, "एकट्यानं जेवाय बसलं की घास उतरत न्हाय. तुमचंबी तसंच आसंल. लगीन करूया का? इचार करा." 'वहिनी' म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच.

ते गेल्यावर मी रडले. अमरसाठीच. भाषणांतला अमर मला कधी ओळखूच आला नव्हता. लग्नानंतर दोन सुट्ट्या — एवढाच तर संसार. पण नाडी बांधता न येणारा तो माझा होता.

६ ऑगस्ट
नको. गल्लीच्या कमानीवर अमरचं नाव आहे. त्या नावाच्या बायकोनं दुसरं लग्न करायचं?

९ ऑगस्ट
शिवकुमार काय म्हणाले ते आत्यांना सांगितलं. ओरडून सांगावं लागलं! पलीकडं धुणं वाळत घालणाऱ्या बयाबाईनं सगळं ऐकलं. आता गल्लीभर होणार.

आत्या तांदूळ निवडत राहिल्या. मग — "मी गेल्यावर तुला कोण हाय गं?"

मी त्यांच्याबरोबर खडे वेचू लागले.

"जा. अमरचा फोटू मातर न्हेऊ नगंस. त्यो माझा हाय."

१५ ऑगस्ट
शाळेचं बोलावणं होतं. गेले नाही. आत्यांना घेऊन जयसिंगपूर गाठलं. शिवकुमारना हो म्हणून आले.