मुराळ्याची गाडी

दिंडोली, सुरत
४ एप्रिल १९९४

ती. सौ. मंदाआक्कास,
भटूचा शि. सा. न. वि. वि.

आक्का, बसून वाच. मी मोटार घेतली! आमच्या पावरलूमच्या शेठनं नवी आणली, जुनी मला दिली. चार दारं आहेत, त्यातली तीन उघडतात. आई गेल्यापासून तुला आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला कोणी आलं नाही, मला मागांवरून सुटीच मिळायची नाही. यंदा मुराळी म्हणून मी येणार, आणि तोही मोटारीनं.

एकच भानगड आहे. गाडीनं वेग धरला की खालून घुंऽऽ असा आवाज निघतो आणि वेगाबरोबर चढत जातो. मला त्याचं काही वाटत नाही. मागांच्या खडखडाटात माझे कान अर्धे गेलेत, आणि आमच्या धंद्यात आवाज थांबला की घाबरायचं असतं. पण उषा म्हणते, खाली कोणीतरी कण्हतंय, हे थांबल्याशिवाय लांब जायचं नाही. चावी तिच्या कमरेला आहे. दाजींचा जन्म बसगाड्यांच्या पोटाखाली गेला, त्यांना विचारून लगेच कळव.

लोभ आहे तेवढा राहू दे, छाटू नकोस.
तुझा भटू

दोंडाईचा
१२ एप्रिल

चि. भटूस,
मंदाआक्काचे अनेक आशीर्वाद.

व माय! मोटार! तवा चुलीवर तसाच टाकून आमच्या थोरल्या जाऊबाईंना सांगायला गेले. कमलबाईंनी तोंड वाकडं केलं. दारात उभी राहील तेव्हा बघू, म्हणाल्या. त्यांचा भाऊ दरवर्षी फटफटी घेऊन न्यायला येतो ना, त्याचा तोरा! आता तू आला नाहीस तर मला गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

हे सांगतात ते लिहिते. (या येड्याला गाडी दिली कोणी, असंही म्हणाले, पण ते मी लिहीत नाही.) चालत्या गाडीत क्लच दाबून बघ. तरीही आवाज तसाच राहिला तर इंजिन नाही, चाकाचं बेअरिंग. मग मोकळ्या मैदानात गोल फिरव, आधी डावीकडे वळत, मग उजवीकडे. आवाज कुठे वाढतो, कुठे कमी होतो ते कळव. तोवर पान्याला हात लावू नकोस.

उषाला आशीर्वाद, तुला उरलेले.
मंदाआक्का

दिंडोली
२० एप्रिल

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

चमत्कार झाला! क्लच दाबला, आवाज तसाच. म्हणून घरामागच्या मैदानात गेलो. मधोमध मारुतीचं देऊळ, तेव्हा फिरायचं त्याच्याभोवतीच. डावीकडे वळवणार तोच उषा गाडीसमोर आडवी. देवाला उलट्या प्रदक्षिणा घालायचं काय खूळ शिरलंय, म्हणे. मग नुसत्या उजवीकडे वळत घातल्या, आणि आवाज बंद! माझ्या कानांचा भरवसा नको म्हणून शेजारच्या धुडकूला मागे बसवलं होतं, तोही शपथेवर सांगतो.

उषानं तिथंच नारळ फोडला. बायांनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी धुडकू धूर ओकणारी मोपेड घेऊन प्रदक्षिणेला हजर. पण मी कामरेजच्या सरळ रस्त्याला लागलो आणि घुंऽऽ परत! उषाच्या मते माझी श्रद्धा कमी पडली. धुडकू म्हणतो, दोंडाईच्यापर्यंत उजवीकडेच वळत वळत जा.

आक्का, हसू नकोस गं. आखाजी तोंडावर आली आणि चावी अजून कमरेलाच आहे.

रागावलीस तरी चालेल, लोभ सोडू नकोस.
भटू

दोंडाईचा
२७ एप्रिल

चि. भटूस आशीर्वाद.

ह्यांना हसून हसून ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. म्हणतात, मारुतीनं रोग बरा केला नाही, रोग दाखवला! गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो, उजवी हलकी होतात. तेव्हा आवाज गप्प झाला म्हणजे उजव्या बाजूचंच बेअरिंग गेलंय. जॅक लावून उजवी चाकं एकेक उचल. वर-खाली धरून हलव. जे डुगडुगेल आणि फिरवताना खरखरेल, तेच ते. नवं टाकताना ग्रीस नीट दाबून भर. नट आवळून किंचित सैल सोड, जीव खाऊन पिळू नकोस.

आता माझं. भटू, मला मोटार नको रे. बसनं ये, ट्रकच्या टपावर बसून ये, पण ये. दारात भाऊ उभा दिसला म्हणजे झालं.

वाट बघणारी
आक्का

दिंडोली
५ मे

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

पुढचं उजवं! बमरोलीच्या दत्तू मिस्त्रीनं उचलून फिरवलं तर गिरणीत खडे पडल्यासारखं वाजलं. नवं बेअरिंग बसलं. आता गाडी इतकी गप्प चालते की बंद पडली समजून मी दोनदा उतरून बघितलं. उषानं चावी दिली, श्रेय मात्र मारुतीलाच. पिशवी भरून ठेव. निघालोच!

तुझा मुराळी

दोंडाईचा
३० मे

चि. भटूस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. उषाच्या हातच्या सांजोऱ्या ह्यांनी एका बैठकीत संपवल्या.

एक गोष्ट तोंडानं बोलवेना, म्हणून लिहिते. तू आलास त्या दिवशी कमलबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचा भाऊ आलाच नाही. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि तू शहाण्यानं माझी पिशवी ठेवता ठेवता त्यांना सांगितलंस की तुमचं माहेर नवापूर वाटेतच आहे, बसा, मी पण भाऊच. वर पुढची सीट त्यांना दिलीस! असा राग आला होता तुझा. पण नवापूरला त्यांच्या माहेरच्या दारात उतरल्यावर त्यांनी तुला कुंकू लावलं आणि पदरानं डोळे पुसले, तेव्हा माझेही भरून आले.

आता त्या गावभर सांगत सुटल्यात की आमच्या भावाची मोटार आहे, जरासुद्धा वाजत नाही. आमच्या! मी भाकरी थापत ऐकून घेते. पुढच्या आखाजीला गल्लीतल्या आणखी दोघींनी नावं सांगून ठेवलीत. सगळ्यांना ने बाबा, माझं काही म्हणणं नाही. पण पुढची सीट माझी, हे आत्ताच सांगते.

लोभ वाटून टाक, मला मोठा वाटा ठेव.
तुझी सख्खी
मंदाआक्का