माझ्या वाटचं तुम्ही खेळलात

बाबा, मागच्या आठवड्यात वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारलं, जुगाराच्या साइट्सची जाहिरात करून पोट भरणाऱ्याने स्वतः जुगार खेळावा का? मी आता इथे लंडनमध्ये हॅरोला एका कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस इंटरनेटवरची जाहिरातबाजी शिकवते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही होतात तेव्हा मी तिने विचारलेलाच धंदा करत होते, माझ्या घरी मागच्या बेडरूममध्ये बसून. त्या मुलीला मी तोंडदेखलं काहीतरी सांगितलं, दोन्ही बाजू असतात वगैरे, आणि वर्ग दहा मिनिटं आधीच सोडून दिला. घरी येईपर्यंत स्वतःचा राग येत होता. अजूनही येतोय, म्हणून लिहायला बसले.

बर्मिंगहॅमच्या गिअरच्या कारखान्यात तुम्ही एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होतात. मोजमाप घेतल्याशिवाय एकाही चाकावर तुमचा शिक्का पडला नाही, आणि घरीही तीच तऱ्हा. दुधाच्या बाटलीवरची तारीख आई वाचायची, तुम्ही बूच उघडून वास घ्यायचात. आई म्हणायची, लग्नाआधी मला तेवढं तपासलं नाहीत हे नशीब. ती गेल्यावर त्या घरात तपासण्यासारखं काही उरलं नाही. मी महिन्यातून एकदा यायचे, आपण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो, आणि बोलायला विषय नसायचा.

अशाच एका दुपारी तुम्ही माझं काम समजून घ्यायचं ठरवता. मी सांगते, ऑनलाइन कसिनोंबद्दल मी माझ्या साइटवर लिहिते, लोक माझ्या लिंकवरून तिथे जातात आणि खेळतात.

"मग तुला कोण पैसे देतं?"

"कसिनो. आपण पाठवलेला माणूस जेवढं हरेल, त्यातला वाटा."

"म्हणजे तो हरला की तुला मिळणार?"

"हो."

चहात बिस्किट बुडवून विसरून जाता. मी घाईघाईने म्हणते, "पण मी स्वतः एक पेनीसुद्धा लावत नाही हं, बाबा." मला वाटतं तुम्ही खूश व्हाल. दिवाळीत आपण रमी खेळायचो ती राजम्याच्या दाण्यांवर, आणि दुसऱ्या दिवशी आई त्याच राजम्याची उसळ करायची. पण तुम्ही चष्मा लावून माझ्या लॅपटॉपवरचं पान वाचायला लागलेले असता.

"इथे लिहिलंयस, जिंकलेले पैसे दोन दिवसांत बँकेत जमा होतात. तुझे झाले होते का?"

"मी खेळतच नाही तर कसे होतील?"

"मग कोणाचे झाले?"

"बाबा, त्यांच्या माहितीत असतं ते. सगळे तसंच लिहितात."

"अगं, मग ते त्यांचं म्हणणं झालं. खाली तुझं नाव कशाला? न तपासता सही करतेस तू. शोभत नाही."

मला ते फार लागलं. मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि म्हटलं, "एवढंच आहे तर तुम्हीच तपासा ना."

आणि तुम्ही तपासलंत. मीच लिंक पाठवली, मीच फोनवर नाव नोंदवायला मदत केली. घरच्या माणसाने आपल्या लिंकवरून खेळू नये असा कसिनोचा नियम होता, पण आपण थोडंच खेळणार होतो, आपण तर तपासत होतो. आठवड्याभरात तुमचे फोन सुरू झाले, रोज सकाळी अकराला. "दोन नाही, नऊ दिवस लागले. लिही." "त्यांच्या हेल्पलाइनला फोन केला, बावीस मिनिटं गाणी ऐकवली. हेही लिही." मी लिहायचे. माझ्या पानावर आता "आम्ही स्वतः खेळून पाहतो" अशी ओळ आली, आणि वाचकांचा विश्वास बसला. आई गेल्यापासून तुमचा आवाज इतका तरतरीत मी ऐकला नव्हता. खरं सांगते, ते तीन-चार महिने आपल्या दोघांचे सगळ्यात चांगले महिने होते. म्हणून तर आठवले की जीव घाबरा होतो.

त्या धंद्यात दोन तट होते. एक म्हणायचे, खेळू नका, नाद लागेल. दुसरे म्हणायचे, न खेळता लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं. मला नाद नको होता आणि फसवणूकही नको होती, मग मी तुम्हाला पुढे केलं. माझ्या वाटचं तुम्ही खेळलात. त्या मुलीला हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

मग तुम्ही रूलेटकडे, फिरत्या चाकावर आकडा लावायच्या खेळाकडे, वळलात. टेबलावर ग्राफ पेपर आले, प्रत्येक फेरीचा आकडा पेन्सिलीने टिपलेला. "कुठलंही चाक अगदी खरं नसतं," तुम्ही मला समजावत होतात. "कुठेतरी झिजतंच. नीट बघत राहिलं की सापडतं." मी म्हटलं, "बाबा, तिथे चाकच नाहीये. तो प्रोग्राम आहे." तुम्ही म्हणालात, "प्रोग्राम माणसानेच केला ना? मग त्यातही असणार." मला हसू आलं. ग्लासगोला दादाला फोन करून सांगितलं तर तोही हसला. पुढे पुढे अकराचे फोन कमी झाले, मग बंदच झाले. मी केला तर म्हणायचात, सध्या नवीन काही नाही.

तुम्ही गेल्यावर आम्ही दोघांनी तुमचा खण उघडला. घर पुन्हा गहाण टाकलेलं होतं, पेन्शनच्या फंडातलं सगळं गेलेलं होतं, आणि त्याखाली ग्राफ पेपरची चळत. दादा खाली गालिच्यावर बसला. "तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "शप्पथ?" "तुझी शप्पथ."

मला माहीत होतं, बाबा. कसिनोकडून मला यादी मिळायची. त्यात खेळणाऱ्यांची नावं नसायची, फक्त क्रमांक, आणि कोण कुठल्या दिवशी किती हरलं. उन्हाळ्यापासून एक क्रमांक सगळ्यांच्या वर होता, आणि खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर खूश होते. ऑक्टोबरात दिवाळी कधी आहे ते बघायला मी मराठी कॅलेंडर काढलं आणि संकष्टीवर नजर गेली. तो क्रमांक रोज खेळायचा, महिन्यातला एक दिवस सोडून. मी यादी शेजारी ठेवली. चार महिने, चार रिकामे दिवस, चारही संकष्टीचे. बर्मिंगहॅमच्या ढगांतून चंद्र कधी दिसायचा नाही, तरी कॅलेंडरातली वेळ होईपर्यंत तुम्ही पाणीसुद्धा प्यायचा नाहीत.

कसिनोला एक ईमेल केली असती तर त्यांनी तुमचं खातं बंद केलं असतं. पण तुम्ही माझे कोण ते लिहावं लागलं असतं, मग माझंही बंद झालं असतं. शिवाय वडिलांना कुठल्या तोंडाने विचारायचं, तुम्ही जुगार खेळता का म्हणून? ख्रिसमसनंतर बघू, असं मी ठरवलं. डिसेंबरच्या यादीत संकष्टीच्या दिवशीही आकडा होता.

तो बघून मी दुसऱ्याच दिवशी बर्मिंगहॅमला आले. तुम्ही ओव्हरकोट घालून गॅसपाशी पिठलं ढवळत होतात. घर इतकं गार की बोलताना तोंडातून वाफ येत होती. "बॉयलर बिघडलाय," तुम्ही म्हणालात, "गुरुवारी माणूस येणार आहे." घर गरम ठेवणारा तो बॉयलर ठीक असल्याचा हिरवा दिवा हॉलमध्ये लागलेला मी येतानाच पाहिला होता. तुमची बोटं निळी पडली होती. विचारायचं ते ओठांवर आलं होतं.

"गुरुवारपर्यंत येईल ना नक्की?" मी विचारलं.

"येईल की."

मला तेवढंच ऐकायचं होतं. कोट न काढता मी पिठलं-भात खाल्ला आणि साडेतीनच्या गाडीने परत आले. तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून तुम्ही आला नाहीत.

तुम्हाला हे पोचणार नाही. दादाला पोचू शकतं, त्याचा पत्ता मला पाठ आहे, आणि शप्पथ त्याचीच घेतली होती. त्यालाही मी हे पाठवणार नाही.