आधी मरोळ, मग ताजमहाल

मरोळ, अंधेरी
१७ सप्टेंबर १९७२

प्रिय लेनी,

तुझं पत्र पोचलं. आम्ही इकडे बरे आहोत. पप्पांचा गुडघा तसाच, जीभ मात्र अजून तरुण. टोरँटोला तू, डोरीन आणि मुलं मजेत असाल.

मुद्दाम मराठीत लिहितेय. तुझ्या बायकोचे प्रश्न वाचून माझ्या मनात जे आलं ते तिनं वाचलेलं बरं नाही. इकडे यायचं म्हणून चार पानं प्रश्न, लेनी! पाणी किती वेळ उकळता, मुलांना दूध पचेल का, साप घरात येतात का. येतात म्हणावं. विहिरीपाशी धामण निघते आणि तुझा नवरा लहानपणी ती शेपटीला धरून मला घाबरवायला आणायचा. हे तू तिला सांगितलेलं दिसत नाही.

आणि बाकीचं मला कशाला विचारते? दिल्लीत थंडी किती, आग्र्याला कुठं उतरावं, बनारसला मुलांना नावेत बसवावं का. अरे, मी नाशिकच्या पुढं गेलेली नाही, तीही शाळेच्या पोरी घेऊन सहलीला. तू तरी काय बघितलंस? कल्याणच्या पलीकडचा हिंदुस्थान न बघताच विमानात बसलास. आता बायकोला नकाशावर बोट ठेवून 'हा माझा देश' म्हणून दाखवत असशील. एवढा मोठा देश, आणि त्याची माहिती द्यायला कोण, तर मरोळची व्हायोलेट टीचर!

असू दे. चौकशी करते. चर्चगेटच्या टुरिस्ट ऑफिसात हर्बर्ट जाऊन येईल. तू त्याला ओळखत नाहीस. मूळ खाडीपलीकडच्या मनोरीचा, इथं इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात फोरमन आहे. समोर क्लॅरिस आंटीकडे खोली घेऊन राहतो. चांगला माणूस आहे.

पप्पांनी तुमच्यासाठी पुढची खोली चुन्यानं रंगवायला घेतलीय. माणूस लावू या म्हटलं तर माझ्यावरच ओरडले.

तुझी,
व्हायोलेट


मरोळ
५ नोव्हेंबर १९७२

लिओनार्ड,

पूर्ण नावानं हाक मारली म्हणजे काय, ते तुला कळतं.

तुमच्या प्रवासाचा टाइप केलेला कागद मिळाला. डिसेंबरअखेर सांताक्रूझला उतरणार आणि विमानतळावरच बसून राहून दिल्लीचं विमान पकडणार. मग आग्रा, जयपूर, बनारस, काश्मीर. आणि परत जाताना मुंबई, दोन रात्री. हॉटेलात!

तुमचं दिल्लीचं विमान आपल्या कौलांवरूनच जाईल. पप्पांना अंगणात उभं करू का, रुमाल हलवायला? आणि काश्मीरला जानेवारीत बर्फ बघायला? टोरँटोतला संपला काय?

कागद पप्पांना वाचून दाखवला. ते भिंतीशी होते. ब्रश तसाच फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं विचारलं, "हॉटेलात त्याला आपलं जेवण मिळेल का गं?" आणि ब्रश बादलीत टाकून आत गेले. भिंत अर्धी पांढरी, अर्धी तशीच आहे.

हर्बर्टनं तुमच्या गाड्यांच्या रिझर्वेशनसाठी रजा टाकली, बोरीबंदरला रांगेत उभा राहिला. मी म्हटलं, "राहू दे, त्याला कदर नाही." तर म्हणतो, "तुझा भाऊ ना तो? मग झालं तर."

तू विचारलंयस, हा हर्बर्ट कोण, प्रत्येक पत्रात येतो तो. विचारलंच आहेस तर ऐक. मी त्याच्याशी लग्न करतेय.

हस, हसून घे. मी एक्केचाळीसची. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. माय आजारी होती तेव्हा तो रोज संध्याकाळी येऊन पप्पांशी पत्ते खेळायचा, म्हणजे मला स्वयंपाकाला मोकळीक मिळावी. मला हे फार उशिरा कळलं. मला वाटायचं, त्याला पत्त्यांचा नाद आहे.

मी पप्पांना टाकून मनोरीला जाणार नाही. पप्पा होडीत पाय ठेवणार नाहीत. तेव्हा हर्बर्टच म्हणाला, मी इथं राहायला येतो. लोक घरजावई म्हणतील, म्हणू देत. त्याला त्यात कमीपणा नाही, पप्पांना आहे. त्यांचं एकच पालुपद: "घर लिओनार्डचं आहे. तो येऊन हो म्हणाला, तर बघू." पंधरा वर्षं तू या उंबऱ्यात पाय ठेवला नाहीस, आणि माझं लग्न तुझ्या होकारावर अडलंय! मायचं सगळं मी केलं, पप्पांचं मी करतेय, आणि घर कुणाचं, तर लिओनार्डचं.

हे पत्रातून मागायचं नव्हतं मला. वाटलं होतं, तू येशील, माझ्या हातचे गरम तळलेले फुगे खाशील, हर्बर्टशी दोन हात पत्ते खेळशील आणि आपणहून पप्पांना सांगशील. तर तू उतरणार हॉटेलात!

फादरनी जानेवारीतला दुसरा रविवार धरून ठेवलाय. तुझ्या कागदाप्रमाणे तू त्या दिवशी बर्फात असशील. पप्पांना गुडघ्यामुळे चर्चच्या दारापासून अल्टारपर्यंत चालवत नाही. मला हात धरून कोण नेणार, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आधी इथं ये. मग कुठंही जा. ताजमहाल काही पळून जात नाही.

वैतागलेली,
व्हायोलेट


मरोळ
१० डिसेंबर १९७२

प्रिय लेनी,

पप्पांच्या नावानं पाठवलेलं तुझं पत्र गुरुवारी आलं. त्यांनी मला हात लावू दिला नाही. ओट्यावर बसून वाचलं, खिशात घातलं, काठी घेतली आणि लंगडत समोर क्लॅरिस आंटीकडे गेले. मी मागोमाग. हर्बर्ट दाढी करत होता.

पप्पा म्हणाले, "ही खोली जानेवारीत सोड. फुकटचं भाडं कशाला भरतोस?"

हर्बर्ट अर्ध्या गालाला साबण लावून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, हो म्हण ना!"

म्हणाला एकदाचा.

तू पप्पांना काय लिहिलंस ते मी विचारणार नाही. हॉटेल रद्द करायचं डोरीनला सुचलं, तुला नाही, हे मात्र मला कळलंय. तिचं वेगळं पत्र आलं. मुलांना माझ्यापुढं फुलं घेऊन चालू देशील का, विचारते. तिला सांग, मी तिच्याबद्दल जे काही लिहिलं ते मराठीत होतं, म्हणून धरायचं नाही.

पण तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे? लग्न झालं की आम्ही दोघांनी तुमच्याबरोबर दिल्ली-आग्र्याला यायचं म्हणे! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलीनं भावाच्या पोरांची नाकं पुसत ताजमहाल बघायचा? पप्पांना कोण बघेल, शाळेला काय सांगू? मी हर्बर्टला साफ नाही म्हटलं. तो मान डोलावून गेला आणि रजा टाकून पुन्हा रांगेत उभा राहिला. जुनी तिकिटं बदलून, आमची दोन जास्तीची घेऊन आला. क्लॅरिस आंटी पप्पांना जेवण देणार आहे. सगळं माझ्या पाठीमागं ठरलेलं. इतकी चिडले की दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. संध्याकाळी शाळेतला नकाशा घरी आणला, आणि आम्ही दोघं त्यावर आग्रा शोधत बसलो.

माझ्याकडे स्वेटर नाही. डोरीनचा एखादा जुना असेल तर आण.

विमानतळावर आम्ही दोघं येऊ. पप्पा घरीच थांबणार आहेत, दारात. तुला मिठी मारताना काठी टाकतील, तेव्हा तू त्यांना घट्ट धर.

तुझी थोरली बहीण,
या आडनावानं हे शेवटचंच,
व्हायोलेट मिस्किटा