सोलो माझाच होता

६ जानेवारी
संकल्प: यंदा अमेरिकेतलं हे ॲन आर्बर शहर गाजवायचं. ऑफिसजवळच्या चर्चमधला क्वायर, म्हणजे गायकवृंद, जॉइन केला. डायरेक्टर अर्पिनेबाई. वडील आर्मेनियन, आई रशियन, म्हणून आर्मेनियन प्रार्थना आणि रशियन लोकगीतं एकमेकांत मिसळून गाऊन घेतात. ऑडिशनला भैरवची आलापी केली. बाई डोळे मिटून बसल्या. भारावल्या असणार.

१४ जानेवारी
बेसमध्ये टाकलं. काम काय, तर सगळ्यात खालचा एकच सूर धरून उभं राहायचं, बाकीचे त्यावर गाणार. म्हणजे तानपुरा! पुण्यात इतकी वर्षं गाणं शिकलो ते यासाठी? पण एप्रिलच्या कॉन्सर्टमध्ये आर्मेनियन अंगाईचा सोलो आहे. तो माझ्यासाठीच ठेवलाय. बाई बोलल्या नाहीत, पण कळतं.

२८ जानेवारी
धरलेल्या सुरात बारीकशी हरकत घेतली. बाईंनी सगळ्यांना थांबवलं. पुढे वरच्या पट्टीतला टेनर बरा गायला, म्हणून हात उंचावून ‘वा!’ म्हटलं. पुन्हा थांबवलं. म्हणाल्या, आवाज मिसळले पाहिजेत, कुणाचा वेगळा ऐकू यायला नको. बाकीच्यांना ऐकवत होत्या.

११ फेब्रुवारी
बर्फ. बायको, स्वानंदी, सोडायला आली. गाडीत कुडकुडू नकोस, आत बस, म्हटलं. बाईंनी तिलाही आल्टोत, बायकांच्या खालच्या पट्टीत, उभं केलं. बिचारी कधी गाणं शिकली नाही. असो, तेवढाच विरंगुळा.

१० मार्च
इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: माझा सोलो, सर्वांनी अगत्य यावे. सिल्कचा कुर्ता ऑर्डर केला.

७ एप्रिल
घात झाला! सोलो स्वानंदीला. घरातच दगाफटका! तिला म्हटलं, नाही म्हणून टाक. ती म्हणाली, का म्हणून? क्वायरमध्ये हिला आणली कुणी? मी! फार लागलं मनाला. आजपासून अबोला. (मीठ मागितलं, तेवढंच.)

२७ एप्रिल
कॉन्सर्ट. सगळ्यांना काळे कपडे, कुर्ता बॅगेतच. निषेध म्हणून अंगाईखालचा सूर धरलाच नाही, नुसतं तोंड उघडं ठेवलं. म्हटलं, पाया काढून घेतला की कळेल सगळ्यांना. स्वानंदी गायली. टाळ्या थांबेनात. मंडळाच्या श्रीरंगकाकांनी माझ्यासाठी आणलेला बुके तिला दिला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते हवेतल्या पोलनमुळे.

मग अर्पिनेबाई धावत माझ्याकडेच आल्या. दोन्ही हात धरले. म्हणाल्या, आज पहिल्यांदा तुमचा आवाज अगदी मिसळून गेला. पुढच्या कॉन्सर्टलाही अस्संच गा.