घरी यायचे कपडे

४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा लेकीच्या घरी! खोली छान आहे. खिडकीत ऊन, उन्हात वेताची खुर्ची, आणि मास्तरकी संपली तरी समोर चक्क शाळा. मुलं पाखराची कविता म्हणू लागली की मीही इथून सूर लावतो. अजून तोंडपाठ आहे. लेकीचे दिवस भरत आलेत. दवाखान्याची बॅग भरायची ती आईने. पण तिची आई तिला जन्म देतानाच गेली, म्हणून ते काम माझ्याकडे. आमची तेव्हाचीच जुनी बॅग घेऊन आलोय. इतकी वर्षं उघडायचा धीर झाला नव्हता.

५ नोव्हेंबर
सकाळभर बॅग भरली. बाळाची झबली, टोपडी, दुपटी. लेकीचे पुढून उघडणारे गाऊन, पॅड, कंगवा, सपाता. अगदी तळाशी तिचे घरी यायचे कपडे, म्हणजे निळा ढगळ कुडता. वर कवितांचं पुस्तकही खुपसलं. लेक म्हणाली, बाबा, बाळंत मी होणार आहे की तुम्ही? जावई म्हणाला, राहू दे, डॉक्टरांची तोंडी परीक्षा घेतील.

६ नोव्हेंबर
कुडता खुर्चीवर होता. बाह्या छातीवर दुमडलेल्या, झोपलेल्या माणसाच्या हातांसारख्या. अशी घडी एकटी तिची आई घालायची. कपडे झोपवतेस की काय, म्हणून मी चिडवायचो. लेक म्हणते, तिने बॅगेला हातही लावला नाही. कुडता परत तळाशी ठेवला.

७ नोव्हेंबर
पुन्हा खुर्चीवर. आज कंगवा आणि सपाताही. बाळाचं मात्र सगळं बॅगेत, जागच्या जागी.
आता आठवतंय. तेव्हाही, लेकीच्या वेळी, दवाखान्यात निघताना तिच्या आईचे घरी यायचे कपडे असेच खुर्चीवर दिसले होते. वेंधळी कुठली, म्हणून दोघंही हसलो होतो आणि ते बॅगेत टाकले होते. ते कपडे घडी न मोडता घरी आले. ती नाही आली.

८ नोव्हेंबर
नवी बॅग आणायला लावली. सगळं तिच्यात भरून जुनी माळ्यावर टाकली. लेकीने मला वेड्यातच काढलं.
दुपारी कुडता खुर्चीवर. उबदार. आत्ताच अंगातून काढल्यासारखा. त्याला तिच्या आईच्या केसांच्या तेलाचा वास —

९ नोव्हेंबर
रिकाम्या खुर्चीशी बोललो. म्हटलं, पोरीला मी एकट्याने वाढवलंय, आईविना. तिच्या बाळावर ती पाळी नको. कुणाचे तरी कपडे मागे राहायचेच असतील, तर माझे —
कुडता तळाशी. त्यावर माझा पांढरा सदरा. तिच्यासारखी घडी जमत नाही मला. नुसता बोळा.

१० नोव्हेंबर
सकाळीच कळा. बॅग मीच गाडीत ठेवली. चेन उघडून पाहिली — कुडता आत. सदराही आत. दोन्ही. जावई म्हणाला, बाबा, तुम्ही घरी थांबा, फोन करतो. लेक दारातून वळली. आम्ही आलो की कविता म्हणायची हं बाळाला, म्हणाली. मी हो म्हटलं. हो म्हटलं मी —

दुपार. फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. कुडता आहे का विचारलं. आहे की, म्हणाला. आणि माझा सदरा? कुठला सदरा, बाबा?

वळलो.
खुर्चीवर. नीट घडी. बाह्या छातीवर.
शाळेत पाखराची कविता चाललीय. या खोलीतूनही कुणीतरी सूर लावतंय — मी नव्हे — ओळखीचा आवाज — अगं, थांब ना जरा. नातीला म्हणून दाखवायचीय. एकदाच. एकच कडवं, अगं, एक —